चंद्राला जामीन कोण?

बँकेतल्या माणसाला दोनच तारखा मनापासून कळतात. एक पगाराची आणि दुसरी ३१ मार्चची. बाकीच्या तारखा संगणक सांभाळतो. पूर्वी निदान रोज सकाळी रबरी शिक्क्याचा आकडा बोटानं फिरवावा लागे, त्यामुळे काल संपला आणि आज सुरू झाला एवढं तरी समजायचं. आता तेही नाही. अशा माणसाला कुणी एकदम ‘आज तिथी कोणती हो?’ असं विचारलं, की तो आधी भिंतीकडे बघतो. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढलं, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या तमाम भिंतींनी हा प्रश्न आपल्या अंगावर घेतला आहे.

पण यवतमाळात राहायचं आणि चंद्राशी ओळख ठेवायची नाही, हे फार दिवस जमत नाही. आमच्या गावात निम्म्या लोकांना शेती आहे आणि उरलेल्या निम्म्यांना घरामागे चार वाफे आहेत. दोघांच्याही बोलण्यात चंद्र असतो. मी कॉमर्सचा पदवीधर. त्यामुळे चंद्राकडे बघताना मला मामा, ससा, प्रेयसीचं मुख वगैरे काही दिसत नाही. मला तो एक खातेदार दिसतो. पंधरा दिवस रोज थोडं थोडं भरतो, पंधरा दिवस रोज थोडं थोडं काढतो आणि महिनाअखेर बॅलन्स शून्य. आमच्या बँकेत असतं तर किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल दंड झाला असता. पण हा गृहस्थ दुसऱ्या दिवशी पुन्हा कोर घेऊन हजर!

त्याच्या वर्षाचा हिशोब तर मला फारच आवडतो. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. म्हणजे दर वर्षी ११ दिवसांची तूट. ही तूट आपल्या पूर्वजांनी कुणाच्या पगारातून कापली नाही. ती साठू दिली आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक जादा महिना घालून जुळवून टाकली. आपण त्याला अधिक मास म्हणतो, जावयाला चांदीचं ताट देतो आणि अनारसे खातो. कॉमर्सच्या भाषेत ही शुद्ध ॲडजस्टमेंट एंट्री आहे. जावई त्या एंट्रीचा लाभार्थी.

ही एंट्री घातली नाही तर काय होतं, ते मुसलमानी कालगणनेत दिसतं. तिथं अधिक मास नाही, म्हणून रमजान कधी ऐन उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. उपासाला ते चालतं, कारण उपास कुठल्याही ऋतूत करता येतो. वांग्याचं तसं नाही. नुसत्या चंद्रावर पेरणी करायची ठरवली, तर सोळा-सतरा वर्षांत पेरणीचा महिना पावसाळ्यातून सरकत सरकत थेट थंडीत जाऊन बसेल. अधिक मासाची ठिगळं लावूनही तिथी हलतच असते. २०२२ साली पोळा २६ ऑगस्टला झाला आणि २०२३ साली अधिक श्रावणामुळे १४ सप्टेंबरला. बैलांनी एकोणीस दिवस जादा वाट पाहिली. कापसाच्या झाडानं पाहिली नाही. त्याला जेव्हा फुलायचं तेव्हा ते फुललं.

आता गंमत पाहा. आपला शेतकरी ज्या नक्षत्रांवर पेरतो, ती नक्षत्रं चंद्राची नाहीतच. मृग लागला, आर्द्रा लागल्या, असं आपण म्हणतो तेव्हा त्या नक्षत्रात सूर्य आलेला असतो. चंद्र एका नक्षत्रात जेमतेम एक दिवस थांबतो, सूर्य तेरा-चौदा दिवस मुक्काम करतो. म्हणून मृग दर वर्षी ७-८ जूनलाच लागतो. संत्र्याच्या बागांचंही तसंच. संत्र्याचा एक बहार आंब्याच्या मोहोराच्या काळातला म्हणून आंबिया आणि दुसरा मृगातला म्हणून मृग बहार. त्यासाठी उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडून त्याला ताण देतात, म्हणजे पावसाबरोबर ते फुलांनी भरतं. ताण आम्हालाही दर मार्चमध्ये देतात, पण अजून कुणी फुललेलं पाहिलं नाही. सांगायचा मुद्दा असा की, सणवार चंद्राचे आणि शेती सूर्याची, अशी आपल्या पंचांगात मुळातच खातेवाटणी झालेली आहे. मात्र दोन्ही खाती एकाच पुस्तकात असल्यामुळे लोक एकीचा चेक दुसरीवर काढतात.

चेकवरून आठवलं. आमच्या शाखेत एकदा एक चेक आला. तारीख होती ‘१७ ज्येष्ठ’. काउंटरवरच्या नव्या मुलानं तो तीनदा उलटापालटा केला. शेवटी सल्लामसलत झाली. जुन्या शिपायानं हुशारीनं मुद्दा काढला, ‘साहेब, तिथ्या पंधराच असतात. ज्येष्ठात सतरावी तिथी आणली कुठून?’ सगळ्यांना ते पटलं आणि चेक परत जायच्या बेतात असताना चेकचे मालक खुर्चीवरून उठून आले. आमचे शेजारी, निवृत्त हेडमास्तर. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. त्यांनी तिथल्या तिथं आमचा तास घेतला. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली समिती नेमली गेली, तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारनं राष्ट्रीय सौर दिनदर्शिका स्वीकारली, तिच्यात १ चैत्र म्हणजे २२ मार्च, म्हणून १७ ज्येष्ठ म्हणजे ७ जून, आणि अशी तारीख असलेला चेक बँकेनं स्वीकारलाच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. सगळं खरं होतं. चेक वटला. त्या दिवशी ७ जूनच होती आणि गुरुजींना त्या पैशांतून बियाणं घ्यायचं होतं.

चेकवर सूर्याची तारीख लिहिणारे हे गुरुजी घरामागच्या वाफ्यात मात्र कट्टर चंद्रवंशी आहेत. त्यांचा नियम साधा. जमिनीच्या वर जे धरतं ते शुक्ल पक्षात लावायचं: वांगी, टमाटे, ढेमसे, बरबटीच्या शेंगा. जमिनीच्या पोटात जे धरतं ते कृष्ण पक्षात: मुळा, गाजर, कांदा, रताळी. चंद्र वाढतो तेव्हा रस वर चढतो, चंद्र उतरतो तेव्हा रस खाली उतरतो. अमावास्येला जमिनीला हात लावायचा नाही.

हा नियम गुरुजींनी एकट्यांनी काढलेला नाही. पहिल्या शतकातल्या रोमच्या थोरल्या प्लिनीनंही कोणतं शेतकाम कोणत्या चंद्रात करावं ते लिहून ठेवलं आहे. १९२४ साली रुडॉल्फ स्टायनर या विचारवंतानं कोबरविट्झ इथं शेतीवर व्याख्यानं दिली, त्यातून जैवगतिक शेतीचा पंथ निघाला. पुढं मारिया थुन या जर्मन बाईंनी चंद्र कोणत्या राशीत आहे ते पाहून मुळांचे दिवस, पानांचे दिवस, फुलांचे दिवस आणि फळांचे दिवस अशी पेरणीची दिनदर्शिकाच छापायला सुरुवात केली. गुरुजींच्या पुण्याच्या भाच्यानं तसलं एक कॅलेंडर त्यांना पाठवलं. तेव्हापासून गुरुजींचा भाव आमच्या गल्लीत आंतरराष्ट्रीय झाला. मी त्यांना एकच शंका विचारली, ‘गुरुजी, कापूस कशात धरायचा? मुळात, पानात, फुलात की फळात?’ गुरुजी म्हणाले, ‘कापूस कर्जात धर.’

आता मी पडलो हिशोबी माणूस. व्हाउचर पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. गुरुजींचं व्हाउचर म्हणजे समुद्र. ‘एवढ्या मोठ्या समुद्राला चंद्र उचलतो, मग वांग्यातला चमचाभर रस त्याला जड आहे काय?’ हा युक्तिवाद प्रथमदर्शनी बिनतोड आहे. यवतमाळात तर विशेषच, कारण इथून समुद्र इतका लांब आहे की कुणी जाऊन तपासत नाही.

पण भरतीचाही एक हिशोब आहे. पृथ्वीची एक बाजू चंद्राला जवळ आणि दुसरी लांब, त्या दोन बाजूंवरच्या ओढीत जो फरक पडतो त्याची भरती येते. फरक पडायला पृथ्वीएवढं अंतर लागतं. विहिरीला भरती येत नाही. दोन फूट उंचीच्या वांग्याच्या शेंड्याला आणि बुडख्याला चंद्र सारखाच लांब. दुसरं म्हणजे, मोठी भरती पौर्णिमेलाही येते आणि अमावास्येलाही येते, दोन्ही अष्टम्यांना ती सारखीच ओसरलेली असते. मग भरतीच्या न्यायानं शुक्ल अष्टमी आणि कृष्ण अष्टमी या सख्ख्या बहिणी झाल्या. त्यांतली एक वांग्याची आणि दुसरी मुळ्याची, हे समुद्राच्या साक्षीनं सिद्ध होत नाही. उरला चांदण्याचा प्रकाश. पौर्णिमेचा चंद्रसुद्धा सूर्याच्या काही लाखांश उजेड देतो. त्या उजेडात कविता होते, वांगं होत नाही. स्पेनमधल्या काही अभ्यासकांनी २०२० साली या विषयावरच्या लिखाणाचा आढावा घेतला, त्यांनाही चंद्रकलांवर पीक वाढल्याचा भरवशाचा पुरावा सापडला नाही.

हे सगळं मी गुरुजींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांच्या वाफ्यातलं एक वांगं माझ्या हातावर ठेवलं. हा पुरावा फार गुळगुळीत आणि जांभळा होता. मी म्हटलं, ‘ठीक आहे, गुरुजी. आपण दुहेरी नोंद करू. एकाच दिवशी आणलेलं बी, एकच वाफा, निम्मं योग्य पक्षात लावू, निम्मं अयोग्य पक्षात. दोन्ही बाजूंची बेरीज करू.’ गुरुजींनी साफ नकार दिला. म्हणाले, ‘माझी खात्री असताना निम्म्या बियांना मुद्दाम वाईट मुहूर्तावर टाकू? शाळेत मी कधी निम्मी पोरं मुद्दाम नापास केली नाहीत, मूल्यमापन म्हणूनसुद्धा.’

या उत्तरापुढं मी गप्प झालो. शास्त्राच्या दृष्टीनं ते चूकच आहे. खात्री आहे तिथंच तर तपासणी लागते. आमच्या ऑडिटरांचा जन्म या एका तत्त्वावर झालेला आहे. पण त्या नकारात बियांबद्दल जो कळवळा होता, तो कुठल्या खान्यात मांडायचा हे मला कळेना.

घरी सौ.ची भूमिका अधिक व्यवहारी. ‘वांगं गोड लागलं ना? मग चंद्राला कशाला व्हाउचर मागता?’

मी विचार करू लागलो आणि जे नैतिक प्रश्न एरवी रिटायर झाल्यावर पडायचे ते मला ऐन नोकरीत पडले. शेजाऱ्याची एखादी समजूत खोटी आहे हे आपल्याला कळलं, पण तिनं कुणाचं काही बिघडत नाही, तर ती खोडून काढणं हे आपलं कर्तव्य आहे की आगाऊपणा? सत्य सांगावं, हे खरं. पण सत्तरीतल्या माणसाच्या वाफ्यावरचा चंद्र उतरवून आपण तिथं काय टांगणार आहोत? व्याजदराचा तक्ता?

शिवाय गुरुजींची बाग खरोखरच चांगली येते. का येते ते मी बरेच दिवस कुंपणावरून पाहिलं. तिथी बघायची म्हणून गुरुजी रोज सकाळी पंचांग घेऊन वाफ्यात जातात. वाफ्यात गेलं की पानामागची कीड दिसते, सुकलेलं रोप दिसतं, वाढलेलं तण दिसतं. दर पंधरवड्याला काही तरी लावायचंच असल्यामुळे एकदम मणभर आणि मग दोन महिने काहीच नाही, असं त्यांच्याकडे होत नाही. मुळा संपतो तोवर शेंगा येतात. अमावास्येला सुट्टी असल्यामुळे जमिनीला, पाठीला आणि घरच्यांना विश्रांती मिळते. गावाकडे अमावास्येला बैल जुंपू नये म्हणतात, त्यातही माणसाच्या हावेला महिन्यातून एक दिवस खीळ घालण्याची युक्ती असावी. आम्हा बँकवाल्यांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी २०१५ साली मिळाली. बैलांनी ती कितीतरी आधी मिळवली आणि तीही संप न करता.

तेव्हा गुरुजींच्या वांग्यांना मानवतात ते गुरुजी स्वतः. चंद्र हा त्यांचा घड्याळजी. रोज गजर लावतो आणि निघून जातो.

जुन्या ग्रंथांचंही असंच आहे. वराहमिहिरानं सहाव्या शतकात ‘बृहत्संहिता’ लिहिली, तिच्यात वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. झाडं कोणत्या नक्षत्रांवर लावावीत त्याची यादी तिथं आहे. पण त्याच अध्यायात आणखीही आहे: आधी जमीन मऊ करा, तिच्यात तीळ पेरा आणि फुलावर आले की तिथंच गाडा. म्हणजे आजचं हिरवळीचं खत! दोन झाडांत वीस हात अंतर उत्तम, सोळा मध्यम, बारा अगदीच कमी, हेही आहे. आपण काय केलं? नक्षत्रांची यादी पाठ केली आणि तीळ तेवढे संक्रांतीला खाल्ले. नक्षत्र पाळायला काही पडत नाही, तीळ गाडायला पैसे पडतात. फुकट तेवढं परंपरेनं टिकतं, हा अर्थशास्त्राचा नियम विद्यापीठाच्या पुस्तकात नसला तरी खरा आहे.

आता या सगळ्या चर्चेवर ज्यानं शिक्कामोर्तब केलं, त्या प्रसंगाकडे येतो. आमच्या बँकेचा एक खातेदार आहे, गावाबाहेर दोन एकर जमीन, त्यात भाजीपाला करतो. आठवडी बाजारात त्याचा माल संपल्यावरच बाकीच्यांचा खपतो. गुरुजींचा जुना विद्यार्थी. एका जुलैत तो गुरुजींकडे आला, मी तिथंच होतो. आठ दिवसांच्या झडीनंतर उघडीप पडली होती. टमाट्याची रोपं तयार होती. कृष्ण पक्ष चालू होता, अमावास्येला चार दिवस होते.

तो म्हणाला, ‘गुरुजी, रोपं हातभर झाले. जमीन वापशावर आली जी. आज लावलं तं लागते. तुमच्या हिशोबानं थांबलो तं पुन्हा पाणी येईन अन् चिखल होईन. पण तुमाले इचारल्याबिगर लावाव वाटत नाही.’

वापसा हा शब्द ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पावसानंतर जमीन ना चिखल ना ढेकूळ, मुठीत धरली तर गोळा होते आणि सोडली तर फुटते, अशा अवस्थेला येते. तो वापसा. तो आला की गेला. बँकेत त्याला मुदतीची सवलत मिळत नाही.

मला वाटलं, आता गुरुजी पंचांग उघडणार. गुरुजींनी चष्मासुद्धा काढला नाही. म्हणाले, ‘बाबू, तू आजच लाव. आत्ता जा आणि लाव.’

तो पाया पडून गेला. मी विचारलं, ‘गुरुजी, आणि नियम?’

गुरुजी म्हणाले, ‘नियम माझ्या चार वाफ्यांपुरता. माझं टमाट आलं नाही तर मी बाजारातून आणीन. मला पेन्शन आहे. याचं आलं नाही तर हा काय आणील? माझ्या चंद्राला माझी पेन्शन जामीन आहे. याच्या चंद्राला कोण जामीन राहील? तू राहशील?’

मी बँकेतला माणूस. जामिनाचं नाव काढलं की आमचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे जातात. पण इतकी वर्षं कर्जाचे फॉर्म भरून घेताना जे मला कळलं नव्हतं, ते गुरुजींनी एका वाक्यात सांगितलं. समजूत खरी की खोटी हा प्रश्न मोठा आहे, त्यावर पंडित हजारो वर्षं भांडत आले आहेत. पण त्याच्या शेजारी दुसरा एक छोटा प्रश्न असतो आणि तो कुणी विचारत नाही: समजूत फसली तर पैसे कोण भरणार? समजूत ज्याची, जामीनही तोच, असं असेल तर ती वाफ्यातली हौस आहे. तिच्यात नाक खुपसू नये, फार तर वांगं घ्यावं. पण समजूत एकाची आणि जामीन दुसराच, असं असेल तर मात्र व्हाउचर मागितलंच पाहिजे. तिथं मुरवत दाखवणं हा सभ्यपणा राहत नाही.

ही कसोटी हातात आल्यावर मला जिल्ह्यातल्या बऱ्याच गोष्टी निराळ्या दिसू लागल्या. आमच्याकडे कापसावर अमावास्येच्या सुमारास फवारणी करायची चाल आहे. हा चंद्र मात्र निव्वळ कल्पनेतला नाही. बोंडअळीचे पतंग रात्री हिंडतात. काळोख्या रात्री प्रकाश सापळ्यात ते जास्त सापडतात, पौर्णिमेच्या आसपास कमी. आता काळोखात पतंगच जास्त निघतात की चांदण्यात बिचाऱ्या दिव्याचं तेज पडत नाही, यावर शास्त्रज्ञांत जुना वाद आहे. पण अमावास्या आली की शेतात जाऊन बघावं, एवढं नक्की. कृषी खातं त्यापुढं जाऊन सांगतं की कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन दिवस सापडले किंवा शंभरात दहा फुलं-बोंडं किडलेली दिसली, तर फवारा. म्हणजे चंद्रानं फक्त दारावर टकटक करायची. दार उघडून मोजदाद आपणच करायची. शिपायानं फाइल आणून ठेवावी, सही त्यानं करू नये.

मोजदाद न करता फवारलं, तर औषधाचे पैसे मालकाचे जातात. पण पाठीवर पंप घेऊन कापसात शिरतो तो बहुतेक वेळा मजूर असतो. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या याच जिल्ह्यात फवारणीच्या विषानं वीसवर माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात पडली. त्या वर्षी कापूस डोक्याइतका वाढला होता, औषधं जहाल होती, ती एकात एक मिसळली जात होती, तोंडाला फार तर उपरणं. त्यात चंद्राचा काही दोष नव्हता. पण ‘फवारलंच पाहिजे’ ही कुणाची तरी खात्री होती: कुठं मालकाची, कुठं दुकानदाराची. आणि त्या खात्रीखाली जामीनदार म्हणून ज्याची सही नव्हती, त्याच्याकडूनच वसुली झाली. त्यानंतर कुणी नुसतं ‘आमच्या अनुभवाचं आहे’ असं म्हणालं, की मी विचारतो, अनुभव कुणाचा आणि पंप कुणाच्या पाठीवर?

इथवर आल्यावर माझ्या लक्षात आलं की बोट चंद्राकडे दाखवता दाखवता त्याचा रोख बँकेकडे वळला आहे. कारण आमचीही एक तिथी आहे. ३१ मार्च. हे आर्थिक वर्ष इंग्रजांनी १८६७ साली एप्रिलला सुरू केलं. ते ना चंद्राचं ना सूर्याचं, ते हिशोबनीसांचं. खरिपाचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत फेडलं तर व्याजाची सवलत मिळते, एक दिवस उशीर झाला की गेली. १ एप्रिलच्या पैशांना ३१ मार्चच्या पैशांपेक्षा वेगळा वास येतो असं मला कॅशमध्ये बसून कधी जाणवलं नाही. पण घरात कापूस ठेवून भाव वाढायची वाट बघणाऱ्या माणसाला ही तिथी त्याचा कापूस विकायला लावते. शेअर बाजारवाले लक्ष्मीपूजनाला, म्हणजे भर अमावास्येला, मुहूर्त साधून सौदे करतात आणि त्यांना कुणी अडाणी म्हणत नाही. मग गुरुजींनीच काय पाप केलं? त्यांच्या मुहूर्तानं निदान कुणाचा सातबारा अडकत नाही.

ही गोष्ट मी आमच्या मॅनेजरसाहेबांना चहाच्या वेळी सांगितली. ते म्हणाले, ‘विचार चांगला आहे. पण ३१ मार्चनंतर बोलू.’

बाकी आमच्या घरच्या वाफ्यांचं म्हणाल तर तिथं ना चंद्र चालतो ना सूर्य. यवतमाळला पाणी निळोण्याच्या आणि चापडोहच्या धरणातून येतं. २०१८ च्या उन्हाळ्यात गावानं पाण्यासाठी जे हाल काढले, तेव्हापासून सौ.नं स्वतःचं पंचांग बनवलं आहे. त्यात वार, तिथी, नक्षत्र वगैरे काही नाही. नळ येणार असेल तो शुभ दिवस आणि येणार नसेल तो वर्ज्य. जामीन म्हणून दोन प्लास्टिकचे ड्रम. काल तिनं सांबार पेरला. गुरुजी कुंपणापलीकडून म्हणाले, ‘वहिनी, आज चतुर्दशी आहे.’ ती म्हणाली, ‘असू द्या, गुरुजी. पाणी आलंय. आणि नाहीच उगवला, तर तुमच्याकडचा आहेच की.’

गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. नव्या जामीनदाराची संमती मी मनातल्या मनात नोंदवून ठेवली.